मालक त्याच घरात राहत असेल तर खोली कशी सोडावी: इंग्लंडमधल्या लॉजरांसाठी

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या बऱ्याच मुलामुलींची पहिली खोली कुणाच्या तरी राहत्या घरातली असते. वरच्या मजल्यावरची एक बेडरूम आपली, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक, आणि शेजारच्या खोलीत मालक किंवा मालकीणबाई स्वतः. अशा भाडेकरूला तिथे लॉजर म्हणतात. सोय चांगली असते. वीज, गॅस, इंटरनेट बहुधा भाड्यातच येतं आणि काउन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीचं) बिल मालकाच्या नावावर असतं. गोंधळ होतो तो खोली सोडताना, कारण इंटरनेटवर सापडणारी बहुतेक माहिती स्वतंत्र फ्लॅट किंवा घर भाड्याने घेणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. ती लॉजरला जशीच्या तशी लावली की फसगत होते.

ताजं उदाहरण दोन महिन्यांच्या नोटिशीचं. रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ मुळे १ मे २०२६ पासून इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरूंच्या ठरावीक मुदतीच्या टेनन्सी (भाडेकरार) बंद झाल्या आणि भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येऊ लागलं. हा बदल अ‍ॅश्युअर्ड टेनन्सीपुरता, म्हणजे खासगी भाडेकरूच्या नेहमीच्या करारापुरता आहे. मालक त्याच घरात राहत असेल तर अशी टेनन्सी मुळात तयारच होत नाही. त्यामुळे ‘कायद्याने दोन महिने द्यावेच लागतात’ असं मालक म्हणाला तर ते चूक, आणि ‘आता फिक्स्ड टर्म राहिलीच नाही, मी कधीही निघू शकतो’ असं लॉजर म्हणाला तर तेही चूक. लॉजरच्या बाबतीत अजूनही करारात काय लिहिलंय यावरच सगळं ठरतं. हे फक्त इंग्लंडपुरतं, बरं का. स्कॉटलंड आणि वेल्सचे भाड्याचे कायदे वेगळे आहेत.

आधी खात्री करा: तुम्ही खरंच लॉजर आहात का?

प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिक्शन ॲक्ट १९७७ च्या ३ए कलमात याची कसोटी आहे. तुम्ही मालकासोबत राहण्याची काही जागा सामाईक वापरत असलात (स्वयंपाकघर, बाथरूम, बैठकीची खोली) आणि ते घर करार झाला तेव्हाही आणि संपतानाही मालकाचं एकमेव किंवा मुख्य घर असेल, तर तुम्ही ‘एक्स्क्लुडेड ऑक्युपायर’ ठरता. म्हणजे कायद्याने भाडेकरूला दिलेल्या बऱ्याच संरक्षणांतून वगळलेले. जिना, बोळ, दाराकडची वाट किंवा सामान ठेवायची जागा सामाईक असली तर ती मोजत नाहीत.

त्याच इमारतीत मालक राहतो, पण तुमचं स्वयंपाकघर आणि बाथरूम पूर्ण वेगळं आहे, असं असेल तर तुम्ही सहसा लॉजर नसता. मोठ्या जुन्या घराचे भाग पाडून दिलेले असतात तिथे हा प्रकार दिसतो. अशा भाडेकरूला मूलभूत संरक्षण असतं. रोलिंग करार (शेवटची तारीख न ठरवता दर आठवड्याला किंवा महिन्याला पुढे चालणारा) असेल तर दोन्ही बाजूंनी किमान चार आठवड्यांची लेखी नोटीस लागते आणि मालकाला कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर काढता येत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. कागदावर ‘लॉजर ॲग्रीमेंट’ लिहिलेलं असतं, पण मालक प्रत्यक्षात दुसऱ्याच घरी राहतो. एखादी खोली स्वतःसाठी कुलूप लावून ठेवलेली असते आणि तो महिन्यातून एकदा टपाल न्यायला येतो. कराराच्या मथळ्यावर काही ठरत नाही. ‘स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड’ या १९८५ च्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट) स्पष्ट केलं की कागदाला नाव काय दिलंय ते नव्हे, प्रत्यक्ष व्यवहार काय आहे ते कोर्ट बघतं. तुमचं घर असं असेल तर नोटीस देण्याआधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांना किंवा विद्यापीठाच्या स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्राला करार दाखवा. तुमचे हक्क लॉजरपेक्षा बरेच जास्त निघू शकतात आणि नोटिशीचा हिशेबही बदलतो.

पुढचं सगळं खऱ्या लॉजरसाठी.

करारात दोनच गोष्टी शोधा

मुदत ठरलेली आहे का, आणि नोटिशीबद्दल काय लिहिलंय. बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील.

मुदत ठरलेली असेल, समजा सहा महिने, तर ती संपेपर्यंत भाड्याची जबाबदारी तुमची. मधेच निघण्याचे कायदेशीर मार्ग दोनच: करारातला ब्रेक क्लॉज (मुदतीआधी निघायची मुभा देणारं कलम) किंवा मालकाची संमती. ब्रेक क्लॉज शब्दन् शब्द वाचा. ‘तीन महिन्यांनंतर एक महिन्याची नोटीस देता येईल’ आणि ‘तीन महिन्यांनंतर, एक महिन्याची नोटीस देऊन, करार संपवता येईल’ ही वाक्यं सारखी वाटतात, पण पहिल्यात तुम्ही चौथ्या महिन्याच्या शेवटी सुटता आणि दुसऱ्यात तिसऱ्याच्या शेवटीही सुटू शकता. भाडं थकलेलं नसावं, नोटीस लेखीच हवी अशा अटीही तिथेच असतात, आणि त्यातली एक चुकली तरी नोटीस फुकट जाऊ शकते.

ब्रेक क्लॉज नसेल तर मालकाशी बोला. माझ्या मते इथे लॉजरची बाजू वाटते तितकी लंगडी नसते. ज्याला निघायचंय अशा माणसासोबत एकाच स्वयंपाकघरात आणखी चार महिने काढायची हौस मालकालाही नसते. रिकामी खोली दाखवायला तुम्ही मदत करायची, जमल्यास दुसरा माणूस सुचवायचा, आणि तो राहायला येईपर्यंतचं भाडं तुम्ही द्यायचं. या तोडग्यावर बहुतेक जण तयार होतात. तयार झाले की त्याच संध्याकाळी लिहून घ्या: करार अमुक तारखेला दोघांच्या संमतीने संपतो, त्यानंतरचं भाडं लागणार नाही, डिपॉझिट अमुक दिवसांत परत मिळेल. मालकाच्या ईमेलचं ‘मान्य आहे’ एवढं उत्तरही चालतं. हे लिहून न घेता केवळ किल्ली टेबलावर ठेवून निघालात तर करार संपत नाही, भाडं चढत राहतं.

लवकर सोडण्याबद्दल मालक पैसे मागू शकतो का? हो, पण मनाला येईल तेवढे नाही. टेनंट फीज ॲक्ट २०१९ हा लॉजरच्या परवाना-करारालाही (टेनन्सी न देता फक्त राहायची परवानगी देणारा करार, म्हणजे लायसन्स) लागू होतो आणि त्यात लवकर निघण्याबद्दलची रक्कम मालकाच्या प्रत्यक्ष नुकसानीपुरती मर्यादित आहे. ‘लवकर सोडल्यास तीनशे पाउंड दंड’ असं कलम करारात असलं तरी तीनशे पाउंडांचं नुकसान खरंच झालंय का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. दुसरा लॉजर तुम्ही निघाल्यानंतर आठवड्याभरात आला, तर त्या पुढच्या महिन्यांचं भाडं तुमच्याकडून मागणं टिकत नाही.

मुदत संपतच आली असेल तर शेवटच्या दिवशी खोली रिकामी करून निघता येतं. करारात त्यासाठीही नोटीस मागितली असेल तर ती द्या. नसली तरी महिनाभर आधी कळवावं. मुदतीनंतर तुम्ही तिथेच राहिलात आणि मालकाने भाडं घेतलं की सहसा रोलिंग करार सुरू होतो आणि मग रीतसर नोटीस लागतेच.

रोलिंग करारात दिवस कसे मोजायचे

करारात नोटिशीचा काळ लिहिला असेल तर तोच पाळायचा. लिहिलेला नसेल, किंवा करारच तोंडी असेल, तर ‘वाजवी नोटीस’ लागते आणि ती व्यवहारात भाड्याच्या एका कालावधीइतकी धरतात. भाडं आठवड्याला असेल तर एक आठवडा, महिन्याला असेल तर एक महिना. तोंडी करार हाही करारच असतो. बँकेतून दर महिन्याला गेलेलं भाडं हा त्याचा पुरावा.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते तारखेच्या हिशेबात. भाड्याचा महिना ५ तारखेपासून पुढच्या ४ तारखेपर्यंत चालतो असं धरा. २० मार्चला नोटीस दिली तर एक महिना म्हणजे २० एप्रिल, असं सगळे समजतात. पण टेनन्सीच्या जुन्या नियमाप्रमाणे नोटीस पूर्ण कालावधीची असावी आणि कालावधीच्या शेवटीच संपावी. ४ एप्रिलपर्यंत महिना भरत नाही, म्हणून शेवटचा दिवस ४ मे. नोटीस २० मार्चला दिली काय आणि ४ एप्रिलला दिली काय, तारीख तीच राहते. ६ एप्रिलला दिली तर मात्र मालक थेट ४ जून म्हणू शकतो. दोन दिवसांच्या आळसाला एक महिन्याचं भाडं.

लॉजरचा करार बहुतेक वेळा टेनन्सी नसून परवाना असतो आणि परवान्याला हा नियम इतका काटेकोर लागत नाही, वाजवी काळ पुरतो. पण तुमचा करार नेमका कुठल्या बाजूला पडतो यावर मालकाशी वाद घालण्यापेक्षा तारीखच अशी निवडावी की दोन्ही बाजूंनी बरोबर ठरेल. एप्रिलमधल्या मधल्याच तारखेला निघायचं असेल तर त्याची संमती आणि उरलेल्या दिवसांचं भाडं कापून मिळेल हे दोन्ही लेखी घ्या, कारण आगाऊ भरलेलं भाडं आपोआप परत मिळत नाही. आणि चार आठवडे म्हणजे महिना नव्हे. करारात जे लिहिलंय तेच मोजा.

नोटीस देण्याआधी पुढची खोली पक्की करा

हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण लॉजरचं संरक्षण खरंच पातळ आहे. स्वतंत्र टेनन्सी असलेल्या भाडेकरूला मालक कोर्टाच्या आदेशाशिवाय काढू शकत नाही. लॉजरला काढू शकतो. वाजवी नोटीस दिली की, तीही तोंडी चालते, मुदत संपल्यावर त्याने कुलूप बदललं तरी तो बेकायदा ठरत नाही. तुमचं सामान मात्र त्याला परत द्यावंच लागतं, आणि धक्काबुक्की किंवा धमकी कुठल्याही परिस्थितीत चालत नाही. बहुतेक मालक सभ्य असतात. पण तुम्ही ‘जातोय’ म्हटल्यावर घरातलं वातावरण बदलू शकतं, आणि ते एकाच छताखाली झेलावं लागतं.

नवीन खोलीला वेळही लागतो. मालक स्वतः राहत असला तरी त्याला राइट टू रेंटची, म्हणजे तुम्हाला तिथे भाड्याने राहायचा हक्क आहे का याची, तपासणी करावीच लागते. ई-व्हिसा असलेल्यांनी आपल्या यूकेव्हीआय (व्हिसाचं काम बघणारं सरकारी कार्यालय) खात्यातून शेअर कोड (हा हक्क ऑनलाइन दाखवणारा कोड) काढून नव्या मालकाला द्यायचा. खात्यात जुन्या पासपोर्टचा नंबर पडून असेल किंवा लॉगिनच होत नसेल तर ते ऐन वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. सप्टेंबरात विद्यापीठं सुरू होतात तेव्हा खोल्यांवर उड्या पडतात, त्या दिवसांत तर आधी नवीन करार, मग जुन्याला नोटीस, हाच क्रम ठेवा.

नोटीस लिहिताना

आधी तोंडी सांगा. रोज चहाला भेटणाऱ्या माणसाच्या दाराखालून अचानक पत्र सरकवणं बरं दिसत नाही. पण त्याच दिवशी लेखीही द्या, कारण पुढे तारखेवरून वाद झाला तर लेखी नोटीसच कामी येते.

पत्र इंग्रजीतच जाणार. त्यात एवढं हवं: तुमचं पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि कुठली खोली, पत्राची तारीख, आणि स्पष्ट वाक्य की मी या घरातली खोली सोडण्याची नोटीस देत आहे, माझा शेवटचा दिवस ४ मे २०२७. त्यापुढे एक संरक्षक वाक्य घाला: ‘किंवा ही नोटीस मिळाल्यानंतर सुरू होणारा भाड्याचा पहिला पूर्ण कालावधी ज्या दिवशी संपेल तो दिवस’. तुमची तारीख मोजताना चूक झाली असली तर हे वाक्य नोटीस वाचवतं. मग डिपॉझिटची रक्कम, ते कोणत्या खात्यात हवं, आणि खोली एकत्र तपासायला सोयीचा दिवस. कारण द्यायची गरज नाही. तक्रारी तर या पत्रात अजिबात नकोत. बाथरूममधली बुरशी, रात्रीचा टीव्ही, फ्रिजमधली जागा हे सगळं खरं असलं तरी नोटिशीत लिहिलं की पत्राचं भांडण होतं आणि डिपॉझिट त्यात अडकतं.

करारात देण्याची पद्धत लिहिली असेल तर तीच पाळा. नसेल तर ईमेल करा आणि छापील प्रतही हातात द्या. ‘मिळाली, ४ मे मान्य’ एवढं उत्तर मागा. मालक उत्तर देत नसेल तर पोस्ट ऑफिसातून पत्र पाठवा आणि काउंटरवर टाकल्याचा दाखला मागा, तो मोफत मिळतो. व्हॉट्सॲपवरच सगळं बोलणं होत असेल तर तिथेही तोच मजकूर टाका, पण फक्त तिथेच नको. फोन हरवला, खातं बदललं की पुरावा गेला. एकाच करारावर दोघांच्या सह्या असतील, जोडपं किंवा दोन मैत्रिणी, तर नोटिशीवरही दोघांच्या सह्या घ्या.

डिपॉझिट

मालकांनी डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवायची सक्ती लॉजरच्या करारांना लागू नाही. म्हणून त्या योजनांची मोफत तंटा सोडवण्याची सोयही बहुधा तुम्हाला मिळत नाही. पैसे मालकाच्याच खात्यात असतात. मर्यादा मात्र आहे. टेनंट फीज ॲक्टनुसार वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. महिन्याला ६५० पाउंड भाडं असेल तर वर्षाचे ७,८००, भागिले ५२ म्हणजे आठवड्याला १५०, आणि मर्यादा ७५० पाउंड.

‘शेवटचं भाडं देत नाही, डिपॉझिटमधून कापून घ्या’ हा सल्ला लॉजरला हमखास मिळतो आणि तो वाईट आहे. भाडं थकवलं की करार तुम्ही मोडलेला असतो, आणि कोर्टाची पायरी न चढता काढता येणाऱ्या माणसाने मालकाला असं कारण देऊ नये. डिपॉझिट परत मिळणार नाही अशी खरीच शंका असेल तर हाच प्रस्ताव लेखी ठेवा आणि होकार आल्यावरच भाडं थांबवा.

पैसे वाचवायचे असतील तर खोली तुम्ही आलात त्या दिवसासारखी करा आणि फोटो काढा: गादी दोन्ही बाजूंनी, गालिचा, खिडकीच्या कडा, कपाटाचं आतलं अंग, तुमचा फ्रिजचा कप्पा. सामाईक जागेचेही काढा, कारण शेगडीवरचा आणि एक्झॉस्टच्या जाळीवरचा तेलकट थर नेमका निघून गेलेल्या माणसाच्या नावावर लागतो. वापराने आलेली सामान्य झीज, म्हणजे विटलेला रंग, गालिच्यावर पलंगाच्या पायांचे वण, यासाठी पैसे कापता येत नाहीत. जळलेला डाग किंवा मोडलेलं हँडल यासाठी येतात, पण त्या वस्तूचं वय धरून. दहा वर्षांच्या गादीबद्दल नव्या गादीची किंमत मागणं बरोबर नाही.

पैसे आले नाहीत तर चौदा दिवसांची मुदत देणारं पत्र लिहा, त्यात रक्कम आणि तुमचं म्हणणं मांडा, आणि दाद नाही मिळाली तर दावा करणार हे सांगा. दावा ऑनलाइन करता येतो, १०,००० पाउंडांपर्यंतची रक्कम साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या सोप्या कोर्ट प्रक्रियेत) जाते आणि त्यासाठी वकील लागत नाही. असं पत्र मिळाल्यावरच बरीच प्रकरणं मिटतात.

हाच रस्ता मालकालाही मोकळा आहे. न सांगता रातोरात निघून गेलात, तर तो नोटिशीच्या काळाचं किंवा उरलेल्या मुदतीचं भाडं मागू शकतो. दाव्याची कागदपत्रं जुन्याच पत्त्यावर गेली आणि तुम्हाला कळलीच नाहीत, तर तुमच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागू शकतो. ती रक्कम महिन्याच्या आत भरली नाही तर कोर्टाच्या निकालाची नोंद सहा वर्षं राहते, आणि पुढे फ्लॅट, फोन, कर्ज सगळीकडे ती आडवी येते. करारावर कुणी जामीन राहिला असेल तर मागणी त्याच्यापर्यंतही जाते.

न सांगता निघू नये, याला एकच अपवाद. मारहाण, लैंगिक त्रास, रात्री खोलीत शिरणं असं काही होत असेल तर नोटीस, भाडं, डिपॉझिट सगळं बाजूला ठेवून आधी बाहेर पडा. पोलिसांना फोन करा: तातडीचं असेल तर ९९९, नाहीतर १०१. हिशेब नंतर सल्लागाराच्या मदतीने बघता येतो.

निघायच्या दिवशी

किल्ल्या हातात द्या, दाराच्या फटीतून टाकू नका. किती किल्ल्या दिल्या ते लिहून मालकाकडून दुजोरा घ्या. गालिच्याखाली विसरलेली एक किल्लीही कुलूप बदलण्याच्या बिलाचं कारण होते. शेवटचं भाडं गेल्याची खात्री झाली की बँकेच्या ॲपमधली स्टँडिंग ऑर्डर (दर महिन्याला आपोआप भाडं पाठवणारी सूचना) स्वतः रद्द करा. ती तुम्ही सुरू केलेली असते, मालकाला बंद करता येत नाही, आणि दोन-तीन महिने विसरलेलं भाडं परत मागत बसणं फार जिवावर येतं.

मग पत्ते. रॉयल मेलकडे टपाल पुढे पाठवण्याची सोय तीन, सहा किंवा बारा महिन्यांसाठी पैसे भरून घेता येते, आणि बँकेची नवी कार्डं जुन्या घरात पडू नयेत म्हणून निदान तीन महिने घ्यावी. बँक, जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर), विद्यापीठ किंवा नोकरीचं ठिकाण यांना कळवा. यूकेचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर डीव्हीएलएलाही (लायसन्स देणारी सरकारी संस्था), तिथे न कळवल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिसावर असलेल्यांनी यूकेव्हीआय खात्यातला पत्ता त्याच आठवड्यात बदलावा. विद्यापीठाला कळवलं म्हणजे तिथेही आपोआप बदललं असं नसतं, ती दोन वेगळी कामं आहेत.